प्रमिलाताईंच्या दारावरचा खडू

प्रमिलाताई रेडकर. हे नाव आधी लिहून टाकते. मला लिहिण्याची सवय नाही, आठवीतून शाळा सुटली ती सुटलीच. मध्येच धीर गेला आणि कागद बाजूला ठेवला, तर निदान नाव तरी वर राहील. मुंबईत मी टिकले ती यांच्यामुळे.

त्या उंचीने माझ्या खांद्याला लागायच्या, पण चालायच्या अशा की मागून मला पळावं लागे. साडीला कायम डाग देताना जळणाऱ्या राळेचा वास. अंधेरीत मरोळच्या बाजूला रेडिओचे ट्रान्सफॉर्मर बनवणारी एक लहानशी कंपनी होती, त्यात आम्ही बारा बायका तार गुंडाळायला आणि डाग द्यायला. ऐंशीनंतरची ती पहिली दोन-तीन वर्षं. फेरे मोजणारा मशीनचा काटा नेहमी बिघडलेला असे, म्हणून जिने तिने आपले फेरे मनात मोजायचे. आम्ही बाकीच्या ओठ मिटून बसायचो. प्रमिलाताई बोलत बोलत मोजायच्या.

"ताई, भाऊजींचा ताप उतरला?"

"एकशे चौऱ्याण्णव. उतरला, पण सकाळी पेज नको म्हणाले, म्हणजे अजून थोडा नखरा शिल्लक आहे. दोनशे सहा."

आणि त्यांचा एकही नग कधी परत आला नाही. सुपरवायझर म्हणायचा, या बाईच्या डोक्यात दोन माणसं बसलीयत. माझ्या डोक्यात मात्र एकच माणूस होता आणि तोही सदा घाबरलेला. कुलूप लावलं का, स्टोव्ह विझवला का, बस चुकली तर, पगार कापला तर. मी कुडाळकडची. दोन मुलींबरोबर मरोळ नाक्याला एका खोलीत राहायचे, साठ रुपये माझा वाटा. मुंबईत तसं माझं कुणी नव्हतं.

दुपारी सगळ्या जणी पॅसेजमध्ये गोल करून डबे उघडायच्या. मी सोमवारी म्हणायचे, शंकराचा उपास. मंगळवारी गणपतीचा. गुरुवारी दत्ताचा, शनिवारी मारुतीचा. बुधवार-शुक्रवारी दोन चपात्या आणि चटणी आणायची, ती सावकाश खायची. असे दोन महिने गेले. कुणाला काही वाटलं नाही, उलट एकदोघी म्हणाल्या, पोरगी देवाधर्माची आहे हो. मग एका गुरुवारी प्रमिलाताईंनी सगळ्यांसमोर विचारलं,

"मंदे, चार-चार देवांना धरून बसलीयस, त्यातल्या एकानेही तुला मूठभर साबुदाणा दिला नाही काय गो?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. पण मग मी तोंड फिरवलं ते त्यांना दिसलं असणार, कारण त्यांनी लगेच दुसराच विषय काढला. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या पिशवीत दोन डबे यायला लागले. एक दिवस त्यांच्या मुलीने, शैलाने शाळेत डबाच नेला नाही, म्हणे. एक दिवस बाळूचं पोट बिघडलं. एक दिवस वालाची उसळ जास्त झाली. मला खरंच वाटायचं की या घरातल्या मुलांच्या मागे काहीतरी लागलंय.

महिनाभराने, पगार झाल्यावरच्या रविवारी, त्यांनी मला जोगेश्वरीला घरी बोलावलं. "सभा आहे आमची. ये. भजी असतात."

चाळीतली एक खोली. आत स्वयंपाकाच्या जागेला एक दार, काळपट हिरव्या रंगाचं, आणि त्या दाराच्या खोलीकडच्या अंगाला वरपासून खालपर्यंत खडूने लिहिलेलं. मी आधी समजले, मुलांनी गिरवलंय. तर ते त्या घराचं बजेट होतं. घर सत्तर. भाडं. वाणी. दूध. शाळा. पाहुणे. गणपतीला गाव. आजींची मिशरी. प्रत्येकापुढे आकडा. सगळ्यात खाली, 'उगीच'.

खाली चटई टाकून सगळे दाराकडे तोंड करून बसले. प्रमिलाताईंचे यजमान, ज्यांना मी भाऊजी म्हणायचे, बेकरीत भट्टीवर होते, ते पाय लांब करून. सासूबाई भिंतीला टेकून. शैला सातवीत, बाळू तिसरीत. ताई कांदाभजीची परात मध्ये ठेवायच्या आणि शैलाने शाळेतून आणलेला खडू हातात घ्यायच्या. मागचा महिना ओल्या फडक्याने पुसायचा, नवा लिहायचा, आणि ज्याला जे हवं ते त्याने तोंडाने मागायचं. मनात ठेवलेलं चालायचं नाही.

"तुम्ही वही नाही ठेवत?" मी विचारलं. मी स्वतः पाच पैशांची कोथिंबीरसुद्धा लिहून ठेवायचे.

"वही म्हणजे गेलेल्या पैशाचं श्राद्ध," ताई म्हणाल्या. "ते दर महिन्याला कशाला घालायचं? मी अजून न गेलेल्या पैशाशी बोलते. तो ऐकतो तरी."

'वाणी'च्या खाली एक पांढरट डाग होता, नीट न पुसलेला. तो काय म्हणून मी बघत होते, तर भाऊजींनी आपणहून सांगितलं.

"ती माझी समाधी. तिथे सिगारेटी होत्या."

झालं होतं असं की भाऊजींनी एकदा कुणाला न विचारता हप्त्यावर मिक्सर आणला. बायको खूश होईल, पाटा-वरवंटा सुटेल, म्हणून. ताईंनी मिक्सर बघितला, छान आहे म्हणाल्या, आणि खडू त्यांच्या हातात दिला. "लिहा. हप्ता पंचवीस. आता तेवढं कशातून काढताय ते तुमच्याच हाताने पुसा."

"एक तास उभा होतो गं," भाऊजी म्हणाले. "दूध पुसायला गेलो, तर हा बाळू बघतोय. शाळा पुसायला गेलो, तर ती शैली बघतेय. आईची मिशरी पुसायला गेलो, तर आईने मिक्सरकडेच असं बघितलं..."

"मग?"

"मग काय! वाट लागली. आता बिडी ओढतो."

"आणि चटणी कशी होते ती पण सांगा," आतून ताई.

"चटणी झकास होते," भाऊजी हात जोडून म्हणाले.

मी हसत होते, भजं हातात होतं, आणि माझी नजर दारावर खाली सरकली. 'गणपतीला गाव' आणि 'उगीच' यांच्या मध्ये लिहिलं होतं, 'मंदी १५'.

मला आधी कळेचना. मग कळलं आणि कान गरम झाले. ते रोजचे डबे. शैलाचं विसरणं, बाळूचं पोट, वालाची उसळ. ते सगळं या लोकांनी असंच इथे बसून, भजी खात ठरवलं होतं.

"बघतंस काय?" सासूबाई म्हणाल्या. "माझ्या मिशरेतले पाच तुझ्यात गेलेत. खा गप."

"माझे दोन," बाळू म्हणाला. "बॉल नाही आला."

मी उठले. चपला शोधायला लागले. डोळ्यांसमोर काही दिसत नव्हतं. ताईंनी हाताला धरून पुन्हा खाली बसवलं.

"बस. लपवून दिलं असतं तर ती भीक झाली असती. दारावर लिहिलंय, म्हणजे तो घरखर्च आहे. घरखर्चाला कुणी लाजतं काय?" आणि मग, आवाज खाली करून, "आता तुझं दार सांग. पगार तीनशे वीस, मला माहीत आहे. जातो कुठे?"

मी सांगितलं. घरी दोनशे पाठवते.

भाऊजींनी पाय जवळ घेतले.

ते दोनशे माझ्या चुकीचे होते. पहिले काही महिने मी घरी एकशे दहाची मनीऑर्डर करायचे. मग गणपतीआधी कंपनीत ऑर्डर आली, तीन महिने ओव्हरटाइम मिळाला, हातात चारशेवर पैसे आले. मी हुरळून दोनशे पाठवले. आमच्याकडे पोस्टमन अंगणात शिरायच्या आधी गडग्यापासूनच, म्हणजे दगडी कुंपणापासूनच, आकडा ओरडून सांगतो. संध्याकाळपर्यंत सगळ्या वाडीला ठाऊक, की मंदाचे दोनशे आले. बाबांची मान वर झाली. मग ओव्हरटाइम बंद पडला, पण आकडा खाली कसा आणायचा? पोस्टमन तोही तेवढ्याच मोठ्याने ओरडला असता. मनीऑर्डरीच्या फॉर्मवर खाली मजकुराला दोन ओळींची जागा असते. तिथे मी दर महिन्याला लिहायचे, येथील सर्व ठीक. खोली भागवून हातात साठ रुपये उरायचे. त्यात बस, रॉकेल, जेवण.

आणि त्याच आठवड्यात बाबांचं पत्र आलं होतं. दोनशेच्या भरवशावर त्यांनी माझ्या धाकट्या भावाला, विनूला, कणकवलीला अकरावीत घालायचं ठरवलं होतं, बोर्डिंगात. महिना नव्वद रुपये. लिहिलं होतं, तुझी शाळा सुटली ती माझ्या मनाला लागून आहे, याची सुटू देणार नाही. ते पत्र मी पोलक्यात ठेवून फिरत होते. कंपनीत एक जण व्याजाने पैसे द्यायचा, त्याच्याकडे सोमवारी जायचं मी नक्की केलं होतं. माझ्यामुळे विनूची शाळा सुटली, हे मला जन्मभर सोसलं नसतं.

ताईंनी पत्र वाचलं, दोनदा वाचलं. मग म्हणाल्या, "या घरातली पाच माणसं दार बघतात म्हणून दार चालतं. तुझा बाप तुझं दार बघतच नाही. त्याला कसं कळणार गो, की आत काय आहे ते? त्याला दारासमोर बसव."

"म्हणजे?"

"लिही त्याला. सगळं. एकेक ओळ."

"नको ताई. बाबांना लाज वाटेल. विनूचं..."

"वाटू दे. लाज दोन दिवस वाटते. व्याज किती दिवस असतं ते यांना विचार, बेकरीत कर्जात बुडालेले रोज बघतात." भाऊजींनी मान हलवली.

शैलाच्या वहीतला कागद फाडला. प्रमिलाताई सांगत गेल्या, मी लिहीत गेले, खाडाखोड इतकी झाली की पहिला कागद बाद झाला. पगार तीनशे वीस. खोली साठ. जेवण आणि रॉकेल पंचाण्णव.

"पंचाण्णव लागत नाहीत मला."

"उपास सोडलास ना? मग लागतात."

बस अठरा. साबण, तेल, औषध बारा. शिल्लक दहा. घरी एकशे वीस. आणि त्या थांबल्या. "पाच उरतात. लिही, उगीच."

"ते कशाला? ते घरी जाऊ देत. एकशे पंचवीस होतील."

"नाही. ज्या माणसाला उगीच खर्च करायला काहीच नसतं, तो एक दिवस सगळंच उगीच खर्च करून मोकळा होतो. हे पाच रुपये कुठे गेले असं कुणी विचारायचं नाही. मीसुद्धा नाही. तुझा बापसुद्धा नाही."

एवढ्या मोठ्या संकटात बाबांना असलं काही लिहायचं! पण लिहिलं. पत्र पेटीत टाकायला माझा हात धजेना, ते शेवटी बाळूने टाकलं. पेटीपर्यंत तो मला विचारत होता, आता तरी माझा बॉल येणार का.

उत्तर यायला अठरा दिवस लागले. ते अठरा दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. मशीनवर फेरे चुकले, तीन नग परत आले. प्रमिलाताई मोजत मोजतच म्हणायच्या, "चारशे दहा. येईल गो. चारशे अकरा. पोस्ट चालत येतं, पळत नाही."

आलं तेव्हा जाड होतं. दुपारी पॅसेजमध्ये फोडलं, पण माझ्याने वाचवेना, ताईंनीच वाचलं. बाबांनी रागाचा एकही शब्द लिहिला नव्हता. लिहिलं होतं, दोन दिवस मी कुणाशी बोललो नाही, मग तुझ्या आईने तुझा कागद चुलीच्या वरच्या फळीला डकवला, जाता-येता दिसायला लागला. विनू बोर्डिंगात जाणार नाही, कणकवलीला मावशीकडे राहील. मावशीला आपण शेतातला भात देऊ, तिचंही काही अडत नाही. फी तुझ्या एकशे वीसमधून भागेल. पुढच्या महिन्यात गावचा एक माणूस एस.टी.ने येतोय, त्याच्याबरोबर तांदूळ आणि कुळीथ पाठवतो, तेवढे तुझे जेवणाचे कमी कर. पोस्टमनला मीच आधी सांगितलं, की आता एकशे वीस येतील, आणि तेही मोठ्याने सांग.

त्याच्याखाली बाबांनी आपल्या घराचं बजेट लिहिलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मला कळलं की आमच्या घरात मिठाला किती लागतात, आजीच्या औषधाला किती. शेवटची ओळ होती, 'उगीच, दोन रुपये. तुझ्या आईचे. ती म्हणते, आपल्या नावावर हा रकाना आजवर नव्हताच.'

प्रमिलाताईंनी पत्राची घडी घातली, माझ्या हातात दिली आणि इतकंच म्हणाल्या, "जेव आता." डोळे पुसायला त्या पंख्याकडे तोंड करून बसल्या, राळेचा धूर गेला म्हणे. पॅसेजमध्ये कुठून येणार राळेचा धूर?

पुढच्या महिन्यात त्यांनी मला पकडलं. माझे पाच रुपये तसेच होते. मी ते शिलकीत घालून पंधरा केले होते.

"हे चालणार नाही," त्या म्हणाल्या, आणि रविवारी मला धरून बसने जुहूला नेलं. मला समुद्राचं काय अप्रूप, पण जुहूला मी कधी गेले नव्हते, कारण तिथे खर्च होतो असं ऐकलं होतं. मी काळाखट्टा गोळा घेतला. एक रुपया देताना मूठ सोडवेना. ताईंचं वेगळंच. वाळूत एक जण हाताने फिरवायचा लाकडी पाळणा घेऊन उभा होता, लहान मुलांचा. त्याच्याशी त्यांनी जी घासाघीस केली, ती त्या पाळण्यात स्वतः बसायला मिळावं म्हणून. तो म्हणे, बाई, मोडेल. या म्हणे, मोडला तर माझ्या दारावर लिहीन. शेवटी बसल्या. चाळीस वर्षांची बाई, पदर कमरेला खोचून, वर गेल्यावर ओरडायच्या, "मंदे, इथून सगळं दिसतं गो!"

खाली उतरल्यावर मी विचारलं, काय दिसलं? तर म्हणाल्या, "विचारायचं नाही. ते उगीचमधलं आहे."

त्यानंतर मी दर महिन्याला उगीच खर्च करायला शिकले. सोपं नाही ते. अजूनही कधी कधी जमत नाही. पण रात्री तीनदा उठून कुलूप बघायचं मी हळूहळू सोडलं. तीनशे वीस हे तीनशे वीसच आहेत आणि ते कुठे जाणार ते आधीच ठरलंय, हे एकदा कळल्यावर कुलपाला काय घाबरायचं! ताईंच्या दारावरचं 'मंदी १५' तांदूळ आल्यावर पुसलं गेलं. मी समोर बसले होते. बाळूने पुसलं, आणि त्याच फटक्यात 'बॉल' असं मोठ्या अक्षरात लिहिलं. विनू बारावी झाला, मग ओरोसला नोकरीला लागला. बाबा त्याच्या पगाराचा कागदही फळीला डकवतात.

चार वर्षांनी कंपनी वापीकडे गेली आणि आम्ही बारा जणी बारा ठिकाणी झालो. मला मुलुंडला काम मिळालं. त्याच सुमारास प्रमिलाताईंनी नालासोपाऱ्याला स्वतःची खोली घेतली. दारावर सगळ्यात वर असायचे ते 'घर सत्तर', याच खोलीसाठी नऊ वर्षं एकही महिना न चुकता लिहिलेले. मिक्सर आला, आजी आजारी पडल्या, मी आले, तरी त्या ओळीला कुणी फडकं लावलं नव्हतं.

त्या जायच्या दिवशी मी सकाळीच जोगेश्वरीला गेले. खाली टेम्पो भरला होता, भाऊजी मिक्सर मांडीवर घेऊन पुढे बसले होते, दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायला तयार नव्हते. मी पिशवीत पाकीट घेऊन गेले होते. चार महिन्यांचे पंधरा-पंधरा, साठ रुपये. वर गेले तर खोली रिकामी, आणि प्रमिलाताई ओलं फडकं घेऊन दारापुढे उभ्या. सगळं पुसून झालं होतं. फक्त वरची ओळ राहिली होती आणि तिथे त्यांचा हात पोचत नव्हता. आजवर शैला स्टुलावर चढून ती ओळ लिहायची, आणि स्टूल टेम्पोत गेलं होतं.

"बरी आलीस," त्या म्हणाल्या. "उंच आहेस. पूस."

मी 'घर' पुसलं. मग पाकीट पुढे केलं. त्यांनी उघडून बघितलंही नाही.

"हे कुठल्या ओळीत घालू आता? दारच राहिलं नाही. तिकडे आण. नव्या दारावर बघू."

आणि निघाल्या. जिना उतरताना मागे वळून बघितलं नाही, पण पहिल्या वळणावरून आवाज आला, पायऱ्या मोजत होत्या, "सात. मंदे, जेवून जा हो कुठेतरी. आठ. उपाशी जाऊ नको. नऊ."

त्यानंतर माझं लग्न झालं, मुलगी झाली, मुलुंड ते नालासोपारा म्हणजे अख्खा दिवस जातो, अशी दर वेळी काहीतरी सबब. आमच्या स्वयंपाकघराच्या दारावरही खडूने लिहिलेलं असतं. नवरा आधी हसला होता, आता त्याच्या पानपट्टीचा आकडा स्वतःच लिहितो. खाली 'उगीच' असतं, आणि त्याच्याही खाली एक ओळ, 'प्रमिलाताई'. दर महिन्याला थोडे थोडे तिथे पडतात आणि साठाचे आता बरेच झालेत. ते घ्यायच्या नाहीत, हे मला माहीत आहे. कुठली तरी ओळ काढतील आणि मलाच परत करतील.

तरी ताई, मी येणार आहे. बाबांकडचे तांदूळ घेऊन, मुलीला घेऊन, एका पगारानंतरच्या रविवारी, सभेला. भजी तुम्ही करा. खडू मी आणते. तुमच्या नव्या दारावर माझ्या हाताने एक ओळ लिहीन, पुढे आकडा घालीन, आणि या वेळी फडकं तुमच्या हातात देणार नाही.